पंचवीस वेळा एंटर मारू नका

कऱ्हाडात कोर्ट-कचेरीच्या रस्त्याला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स मशीन आणि दाराशी लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर सकाळी दहापासून माणसं बसलेली असतात आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: “ताई, तेवढं अर्जंट आहे वो.”

मी टायपिंग शिकले ते टाइपरायटरच्या मशीनवर. मराठी तीस, मग चाळीस, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. बोटांना वळण आहे, वेगही बरा आहे. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की आपलं काम भराभर होतं. मग एका दिवाळीआधीच्या आठवड्यात मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला घेतल्या. एकदा झालेल्या कामाला परत हात लावावा लागला की एक रेघ. शनिवारी पान भरलं. टायपिंग चुकलं म्हणून मारलेल्या रेघा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या कशाच्या? मजकूर सरकला, खातेक्रमांक बदलला, फाइल सापडेना, फोटो ‘साइज जास्त’ म्हणून परत आला, लाइट गेली. वेग वाढवून यातलं एकही दुखणं जाणार नव्हतं. तेव्हापासून मी एकेक खोड शोधून बंद करत आले, त्यातल्या कामाच्या तेवढ्या इथे सांगते. माझ्याकडे विंडोज आणि वर्ड-एक्सेल आहे. तुमच्या व्हर्जनमध्ये एखादं बटण इकडचं तिकडे असेल, पण सापडेल.

स्टॅम्पपेपरचं पहिलं पान

स्टॅम्पपेपरचा वरचा भाग छापील असतो, आपला मजकूर त्याच्या खालून सुरू होतो. दुसऱ्या पानापासून साधा लेजर कागद. म्हणजे पहिल्या पानावर वर भरपूर जागा मोकळी हवी आणि पुढच्या पानांवर नेहमीचा समास. माझ्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक मुलीने यावर एकच उपाय केला: एंटर, एंटर, एंटर. पंचवीस एंटर मारले की कर्सर बरोबर जागेवर येतो. तिथवर सगळं छान. मग वकीलसाहेब येतात, “अक्षर जरा बारीक करा, एक पान कमी होईल,” म्हणतात. सगळं सिलेक्ट करून १४ चा फॉन्ट १२ केला की त्या पंचवीस रिकाम्या ओळीही बारीक होतात, मजकूर वर चढतो आणि पहिली ओळ थेट छापील नक्षीवर जाऊन बसते. हे कळतं कधी, तर स्टॅम्प प्रिंटरमधून बाहेर आल्यावर. वाया गेलेला स्टॅम्प कुणाच्या खिशातून जातो हे सांगायला नको.

त्यापेक्षा असं करा. पानाच्या अगदी वरच्या मोकळ्या जागेत डबल क्लिक करा, हेडर उघडेल. वरच्या पट्टीत ‘डिफरंट फर्स्ट पेज’ अशी चौकट दिसेल, तिला टिक करा. आता पहिल्या पानाचा हेडर बाकीच्यांपासून वेगळा झाला. त्या हेडरमध्ये इन्सर्टमधून एकाच घराचं टेबल टाका. टेबलावर राइट क्लिक, ‘टेबल प्रॉपर्टीज’, त्यात ‘रो’. ‘स्पेसिफाय हाइट’ला टिक करून उंची सेंटीमीटरमध्ये लिहा आणि शेजारी ‘एक्झॅक्टली’ निवडा. उंची किती, ते फुटपट्टीला विचारा: कागदाच्या वरच्या कडेपासून छापील भाग जिथे संपतो तिथपर्यंत मोजायचं आणि हेडरच्या वर सुटलेली सव्वा सेंटीमीटरची जागा वजा करायची. शेवटी टेबलाच्या रेघा काढून टाका, म्हणजे ‘नो बॉर्डर’. हेडर उंच झाला की खालचा मजकूर आपोआप खाली ढकलला जातो, आणि तोही फक्त पहिल्या पानावर. मग फॉन्ट १२ करा नाहीतर २०, पहिली ओळ जागची हलत नाही.

तरी स्टॅम्प घालण्याआधी साध्या कागदावर एक प्रत काढायची, ती स्टॅम्पपेपरवर ठेवून दोन्ही उजेडाकडे धरायचे. कॉम्प्युटर कितीही शहाणा झाला तरी ही सवय मी सोडलेली नाही.

एंटरसारखीच दुसरी खोड स्पेसबारची. ‘सही’ लिहून पुढे टिंबं टिंबं टिंबं, खाली ‘तारीख’ लिहून परत टिंबं; दोन्हींची शेवटची टोकं कधी जुळत नाहीत. पॅराग्राफच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात ‘टॅब्ज’ असं बटण असतं. तिथे १४ सेंटीमीटर लिहा, अलाइनमेंट ‘राइट’ आणि लीडरमध्ये टिंबांचा पर्याय निवडून ‘सेट’ करा. आता ‘सही’ लिहून एकदा टॅब दाबा. वर्ड स्वतः टिंबं मारत १४ सेंटीमीटरवर जाऊन थांबेल. आणि डाव्या बाजूला लिहून घेणार, उजव्या बाजूला लिहून देणार अशी नावं समोरासमोर हवी असतील तर स्पेस मारत बसू नका. बिनरेघांचं दोन रकान्यांचं टेबल घ्या आणि मोकळे व्हा.

जुन्या फाइलवर नवं नाव

आमच्या धंद्यात कोऱ्या पानावरून कोणी सुरुवात करत नाही. जुनं खरेदीखत उघडायचं, नावं-गट नंबर बदलायचे, प्रिंट. यात एकदा मी तोंडावर आपटले. सहा पानांवर नवं नाव, आणि सातव्या पानावर मधल्याच एका वाक्यात आधीच्या पक्षकाराचं आडनाव तसंच राहिलेलं. नोंदणीच्या टेबलापाशी ते वाचलं गेलं. दोन्हीकडची माणसं कामधंदा सोडून आलेली, वकील माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक प्रकारच्या कागदाची एक कोरी फाइल आहे. तिच्यात जिथे जिथे नाव, वय, गट नंबर, क्षेत्र, रक्कम येते तिथे ‘@@’ ही खूण आहे, बाकी काही नाही. नवं काम आलं की ही फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने ठेवायची, मग कंट्रोल आणि एफ दाबून @@ शोधत एकेक जागा भरत जायचं. काम संपलं की पुन्हा @@ शोधायचं. एकही सापडली नाही तरच प्रिंट. यात चुकलं तर फार तर जागा रिकामी राहील, आणि कागदावर @@ छापलेलं आंधळ्यालाही दिसतं. दुसऱ्याचं नाव मात्र राहू शकत नाही, कारण ते तिथे कधी नव्हतंच.

या कोऱ्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ला टिक करून ठेवा. मग घाईत कोणी तिच्यातच मजकूर भरून सेव्ह करायला गेलं तर वर्ड अडवतो आणि दुसरं नाव मागतो.

परत परत लागणारे परिच्छेद फाइलींतून शोधून कॉपी करायचीही गरज नाही. चतुःसीमेचा तो ‘पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस’वाला ठरलेला तुकडा एकदा नीट टाइप करा, सिलेक्ट करा, ऑल्ट आणि एफ३ दाबा. नाव विचारेल, एकच सुटसुटीत शब्द द्या, मी ‘सीमा’ दिलाय. पुढच्या वेळी फक्त ‘सीमा’ लिहून एफ३ दाबलं की अख्खा परिच्छेद हजर. वर्ड बंद करताना बिल्डिंग ब्लॉक्समधले, म्हणजे अशा साठवलेल्या तुकड्यांमधले, बदल ठेवायचे का असं विचारतो, तिथे ‘हो’ म्हणा. मी पहिल्यांदा सवयीने ‘नाही’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ‘सीमा’ लिहून एफ३ बडवत बसले.

दुसऱ्या, काऱ्यालय आणि मी

आता खास आपल्या मराठीचं. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘देणाऱ्या’, ‘कऱ्हाड’ या शब्दांतला र बघा. तो य किंवा ह च्या डाव्या अंगाला आडवा, कोयत्यासारखा बसतो. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आर्या’ यांतला र डोक्यावर रफार होऊन बसतो. कॉम्प्युटरवर साधा र, मग हलन्त, मग य टाइप केलं की नेहमी रफारच मिळतो. त्यामुळे अर्ध्या गावाचे अर्ज ‘दुसर्या’ आणि ‘शेतकर्यांना’ असे निघतात. माझ्या स्वतःच्या गावाचं नाव मी ‘कर्हाड’ असं छापलेलं पाहिलंय, त्याच गावात.

आडव्या र साठी वेगळं अक्षर आहे: खाली टिंब असलेला ऱ. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे विंडोजमधल्या मराठीच्या ठरलेल्या कळरचनेत, शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबा, तो येतो. त्यापुढे डी, म्हणजे हलन्त, आणि मग स्लॅशची कळ, म्हणजे य. झालं ‘ऱ्य’. ह साठी यू. तीन कळांचा खेळ आहे, दोन दिवसांत बोटांत बसतो.

कीबोर्डच नसेल घेतला तर आधी तो घ्या. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे मराठी जोडा. नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजी-मराठी, मराठी-इंग्रजी. मी मशीनवरच्या रेमिंग्टन पद्धतीवर वाढले, इनस्क्रिप्टला महिनाभर शिव्या घातल्या. पण त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत हे एकदा लक्षात आलं की फार पाठांतर उरत नाही. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आला आहे; इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहा, मराठी उमटतं. माझ्या हाताखालची मुलगी तेच वापरते. भांडण नाही.

तर, जुन्या फाइलींमधले हे ‘र्या’ एकदम सुधारावेत म्हणून मी एकदा शहाणपणा केला. कंट्रोल आणि एच दाबून ‘र्या’ शोध, ‘ऱ्या’ घाल, ‘रिप्लेस ऑल’. क्षणात झालं. आपण किती हुशार या आनंदात प्रिंट दिली. वरच्याच ओळीत: ‘मा. तहसीलदार साहेब, तहसील काऱ्यालय’. पानापानावर काऱ्यालय. ‘कार्यालय’मध्येही र्या असतो, हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. बाकड्यावरच्या एका आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “पोरी, हे कुठलं खातं काढलं सरकारनं?”

आता मी ‘रिप्लेस ऑल’ करते, पण शोधाचा तुकडा लांब घेते. ‘सर्या’ची जागा ‘सऱ्या’ घेईल, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या सुधारतात. ‘णार्या’ची ‘णाऱ्या’, त्यात देणाऱ्या-घेणाऱ्या-राहणाऱ्या. ‘शेतकर्या’ची ‘शेतकऱ्या’. कार्यालयाला यातला एकही तुकडा लागत नाही. तुकडा जितका छोटा तितकी त्याची ओढ भलत्या शब्दांपर्यंत जाते. आधी ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत चार-पाच जागा डोळ्यांखालून घाला, मगच सगळीकडे करा. आणि उलटं वळलं तर घाबरू नका. एकच कंट्रोल-झेड सगळी काऱ्यालयं परत कार्यालयं करतो.

जुन्या काळच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली अजून पेनड्राइव्हमधून येतात. फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, एवढंच. कन्व्हर्टरमधून काढल्यावर मी तीन गोष्टी हमखास तपासते: पहिली वेलांटी योग्य अक्षराला लागली का, रफार सरकला का, आणि वर सांगितलेला आडवा र जिवंत आहे का.

एक्सेलचा अतिशहाणपणा

सोसायटीच्या सभासदांची यादी करायला दिली होती. नाव, आधार, बँक खातं. काही बँकांचे खातेक्रमांक १६ आकडी असतात. मुलीने यादी भरली, आणि अशा प्रत्येक खात्याचा शेवटचा आकडा शून्य. ती रडकुंडीला: “काकू, मी खरंच बरोबर टाइप केलं होतं.” तिने बरोबरच केलं होतं. एक्सेल संख्येचे १५ च आकडे खरे धरतो, सोळाव्याच्या जागी शून्य घालतो. बिनबोभाट. नंतर फॉरमॅट बदलून तो आकडा परत येत नाही, कारण तो ठेवलेलाच नसतो.

म्हणून काहीही भरण्याआधी पूर्ण रकाना सिलेक्ट करा, कंट्रोल आणि १ दाबा, ‘टेक्स्ट’ निवडा. मगच आकडे. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही ती संख्या नव्हेच, ते नाव आहे असं धरून चाला: खातं, आधार, मोबाइल, शून्याने सुरू होणारा पावती क्रमांक. आधार १२ आकडी, त्यामुळे तो बिघडत नाही, पण साध्या घरात १.२३ नि पुढे कसलंसं ई-अधिक-अकरा दिसून माणूस हबकतो. टेक्स्ट केलं की तेही नाही. बँकेतून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची यादी) आली तर डबल क्लिक करून उघडू नका, नाहीतर आकडे उघडतानाच जातील. कोरं एक्सेल उघडून ‘डेटा’मधून ती आत घ्या आणि खात्याचा रकाना तिथेच टेक्स्ट करा.

दुसरी फसगत तारखेची. कॉम्प्युटर नवा घेतला की बरेचदा त्याची रीत अमेरिकेची असते, महिना आधी. तुम्ही ०५/०६ लिहिता, ५ जून म्हणून. तो समजतो ६ मे. १५/०६ लिहिलं तर पंधरावा महिना नसल्याने तो तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतो. ओळखायची खूण सोपी: घरात खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा गडबड आहे. उपाय एक्सेलमध्ये नाही, कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रीजन’मध्ये आहे. तिथे ‘इंग्लिश इंडिया’ निवडा. याचा जोडफायदा असा की स्वल्पविरामही आपल्या रीतीने पडतो. दहा लाखांचे १,०००,००० न होता १०,००,००० दिसतात. आजवर किती जणांचे आकडे मी हाताने स्वल्पविराम मारून दिले असतील, आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बाकी एक्सेलचं धावतं सांगते. कंट्रोल आणि अर्धविराम: आजची तारीख. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह: बेरीज. यादी दोन-चार पानांची असेल तर पेज लेआउटमधल्या ‘प्रिंट टायटल्स’मध्ये वरची मथळ्याची ओळ निवडा, ती प्रत्येक पानावर छापली जाते; नाहीतर तिसरं पान हातात घेऊन ‘हा आकडा भागाचा की कर्जाचा’ असं विचारायला सचिव परत येतात.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असल्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात सोसायट्यांच्या नोटिसांचा पूर येतो. दीडशे नोटिसा, दीडशे नावं. वर्डच्या ‘मेलिंग्स’मध्ये मेल मर्ज आहे: नोटीस एकदा लिहा, ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून एक्सेलची यादी जोडा, नाव-पत्ता जिथे हवा तिथे ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’, शेवटी ‘फिनिश अँड मर्ज’. यादीतली तारीख वर्डमध्ये येताना पुन्हा महिना-आधी होऊन येते, म्हणून तारखेचा रकाना आधीच टेक्स्ट ठेवा. थेट प्रिंटरला सोडू नका. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ करून आधी फाइल बघा.

साइज जास्त आहे

ऑनलाइन अर्जाला कागद जोडायचा, मर्यादा २०० केबी, आणि गिऱ्हाइकाने आणलेली फाइल ४ एमबीची. यात जादू नाही, ठिपक्यांचा हिशेब आहे. ए४ कागद ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला तर २,४८० बाय ३,५०८, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके. १५० ने केला तर बरोबर चौथाई. दाखला वाचता येण्यापुरते १५० पुष्कळ झाले, आणि रंगाची गरज नसेल तर ‘ग्रेस्केल’. आधी मोठं स्कॅन करून मग कुठल्यातरी अनोळखी साइटवर नेऊन लहान करत बसण्यापेक्षा स्कॅनरच्या खिडकीतच दोन बटणं बदला. त्या साइटवर लोकांचं आधार कार्ड चढवायला माझा हात धजत नाही.

फोटो आधीच मोठा असेल तर पेंटमध्ये उघडा, कंट्रोल आणि डब्ल्यू, टक्केवारीत ५० लिहा, जेपेग म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह. व्हॉट्सॲपवरून कागद मागवताना मात्र उलट अडचण: फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो आणि शिक्का वाचता येत नाही. “दादा, फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा,” हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजलेलं नाही.

जुना छापील कागद परत टाइप करायचा असेल तर आधी त्याचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून बघा. राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘गूगल डॉक्स’. वर फोटो आणि खाली त्यातला मजकूर अक्षरांत मिळतो, मराठीही. स्वच्छ छपाई असेल तर नुसतं तपासायचं काम उरतं. हस्तलिखिताचं मात्र नाव काढू नका, आणि मोडीचं तर नाहीच. कागद खासगी असेल तर गिऱ्हाइकाला आधी विचारून घ्यायचं.

लाइट, प्रिंटर आणि शटर

अकरा पानांचं मृत्युपत्र होतं. दहाव्या पानावर लाइट गेली आणि त्याच दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीने मान टाकली. वर्ड मधूनमधून आपोआप एक प्रत ठेवतो हे खरं, पण मुळात ती दर १० मिनिटांनी. माझी तीन पानं गेली. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन तो १० चा आकडा २ करा. कधी सेव्ह न करताच बंद झालं तर फाइल, इन्फो, ‘मॅनेज डॉक्युमेंट’मध्ये ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ आहे. अगदी शेवटची आशा म्हणून तिथे डोकवा. तरी वाक्य संपलं की डाव्या हाताने कंट्रोल-एस. माझा हात आता फोनवर मेसेज लिहितानाही ती कळ शोधतो.

प्रिंटर अडकला की लोक पंधरा वेळा प्रिंट देतात, आणि सुटला की पंधरा प्रती येतात. ‘कॅन्सल’ करूनही रांग हलत नसेल तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ गाठा, राइट क्लिक करून ‘स्टॉप’. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. या शेवटच्या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसा, फोल्डर नव्हे. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन ‘स्टार्ट’. मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं करून बघा. माझे तरी बहुतेक फोन वाचले.

फाइलींच्या नावात मी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिते, पुढे प्रकार आणि आडनाव: ‘२०२५-०६-१४ बक्षीसपत्र’ आणि पुढे ज्याचं त्याचं आडनाव. महिना नि दिवस नेहमी दोन आकडी. असं केलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतो. ‘न्यू डॉक्युमेंट २३’ या नावाच्या फाइलीत काय आहे ते देवालाही सांगता येणार नाही.

जाता जाता माझी सगळ्यात लाडकी कळ: विंडोज आणि व्ही. साध्या कंट्रोल-व्हीने शेवटची कॉपी केलेली एकच गोष्ट चिकटते. हिने शेवटच्या २५ गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ विचारेल, तेवढं करा. सातबाऱ्यावरून नाव, गट नंबर, क्षेत्र, आकार असं चारदा ये-जा न करता चारही एका दमात कॉपी करायचे आणि इकडे येऊन एकेक ठेवायचे. दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावायला विंडोज आणि डावा बाण, मग विंडोज आणि उजवा बाण. बाहेरून उचललेल्या मजकुराबरोबर त्याचा रंग-फॉन्टही येऊन पान विद्रूप होत असेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, तिथे ‘पेस्टिंग फ्रॉम अदर प्रोग्रॅम्स’समोर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडून कायमचं मिटवा.

पण या यादीला एक पथ्य आहे. दिवसभरात जे जे कॉपी केलं त्यातलं शेवटचं सगळं तिच्यात बसलेलं असतं, लोकांचे आधार नंबर, खातेक्रमांक, कुणी घाईत सांगितलेला पासवर्डसुद्धा. म्हणून संध्याकाळी आधी दिवसाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा, मग विंडोज-व्ही, ‘क्लिअर ऑल’, मग कॉम्प्युटर बंद, आणि मग शटर. मुलगी एखाद दिवशी घाईत क्रम चुकवते. एसटी चुकली तरी चालेल, परत वर ये आणि पूस, असं मी तिला सांगून ठेवलंय.